विसावं पेव

आमच्या कॉलनीत जनावर पाळायला बंदी होती. ती बंदी आमच्या घरालाही लागू व्हावी म्हणून सेक्रेटरींच्या बायकोच्या कानाशी लागले ती मीच. आता सांगायला हरकत नाही, ज्यांना राग यायचा त्यांतलं कुणी उरलेलं नाही.

संस्थान विलीन झालं त्या सुमाराची गोष्ट. सांगलीहून हरिपूरकडे जाताना एका जागेत पूर्वी हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं कोठार. तोंड एका माणसापुरतं, आतला घेर मात्र चांगल्या खोलीएवढा. वरून तोंड लिंपलं की हळद आत वर्षानुवर्षं टिकते. ती पेवं मुरूम-दगडांनी बुजवून तिथे बारा घरांची कॉलनी उठली. बाराही घरं सारखी, हिरव्या दारांची, मंगलोरी कौलांची. माझे यजमान हायस्कुलात मास्तर होते, त्यांना त्यातलं एक मिळालं.

साताऱ्याला माझ्या माहेरी तीन बिऱ्हाडांत एक मोरी होती. इथे स्वयंपाकघरात माझा एकटीचा नळ! खाली शहाबादी फरशी, म्हणजे सारवणाची कटकट नाही. पहिले आठ दिवस मी नळ नुसताच सोडून बघत बसे. त्या घरावर माझा इतका जीव जडला होता की नवऱ्यावर जडायला जरा वेळच लागला.

मग सासरे वारले आणि कुंडलहून सासूबाई आमच्याकडे आल्या. बैलगाडीत त्या, आणि गाडीमागे बांधलेली त्यांची म्हैस. तिसऱ्या दिवशी आमच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर शेणी थापलेल्या. फरशीवर शेणाचे पाय, नळाखाली वैरणीची पाटी. "म्हस जाईल तितं मी," असं त्यांनी मुलाला आल्या आल्याच बजावून ठेवलं होतं. हे ऐकून मी मनात हिशेब केला: म्हशीला घालवलं की दोन्ही कामं होतात. मी तेवीस वर्षांची होते आणि साधी नव्हते.

सेक्रेटरी म्हणजे रिटायर झालेले ओव्हरसियर. अर्धी पँट, सोला हॅट, काखेत छडी. पेवं बुजवण्याचं कामही त्यांच्याच देखरेखीखाली झालेलं, त्यामुळे कॉलनी आपल्यालाच झाली आहे अशा थाटात ते फिरत. माझी चुगली पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी ते परसात हजर झाले.

"बाई, नियम आहे. कॉलनीत जनावर ठेवता येणार नाही."

"आवं सायेब, तुमच्या च्याला दूद लागतंय न्हवं? का त्येबी नळाला येतंय?" सासूबाई म्हणाल्या.

साहेब तांबडेलाल झाले. त्यांनी भाषणच सुरू केलं. या जागेत काय होतं? नुसती भोकं! त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून एकोणीस पेवं बुजवली, तेव्हा कुठे इथे माणसं राहायला आली.

"किती म्हनालासा?" सासूबाईंनी शेण कालवता कालवता हात थांबवला.

"एकोणीस."

"ईस हुती. चार वळी, वळीला पाच. माझं म्हायेर हरिपूरचं. माझ्या भावांनी खणल्यात ही पेवं. आमी पोरी वरनं दोरीनं माती वडायचो."

"मोजणी माझी आहे, बाई."

"मग इसावं घावलं तर म्हस हितंच ऱ्हाईल. न्हाई घावलं तर उद्याच्याला म्हस आन् मी, दोगीबी कुंडलला. हाय कबूल?"

तोवर कुंपणाभोवती अर्धी कॉलनी गोळा झाली होती. त्यांच्यादेखत साहेबांना नाही म्हणता येईना. मी दारामागून मनातल्या मनात त्यांना ओवाळलं. सरकारी माणसाची मोजणी, ती काय चुकतेय!

सासूबाईंनी घरातून मुसळ आणलं आणि जमीन ठोकत निघाल्या. मधल्या बागेपासून सुरुवात केली. दहा-बारा पावलं मोजायची, मुसळ आपटायचं, मान तिरपी करून ऐकायचं. धप्. धप्. धप्. मागे हॅट घातलेले साहेब, त्यांच्यामागे आम्ही सगळे. रांग धरत धरत त्या पुन्हा आमच्याच परसात आल्या. म्हशीच्या खुंट्याजवळ मुसळ आपटलं आणि आवाज वेगळा आला, रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दोन गड्यांनी हातभर खणलं आणि कुदळ दगडी झाकणावर खणखणली. झाकण सरकवलं, आत काळामिट्ट अंधार. साहेबांचा चेहरा बघवेना. पण माणूस चिवट. "हा साधा खड्डा आहे," ते म्हणाले. "पुरुषभरसुद्धा खोल नसेल. मी उतरून दाखवतो." आणि हॅट काढून माझ्या हातात दिली.

"थांबा!" सासूबाई ओरडल्या. "पेव उगडलं की दिसभर तसंच ठिवायचं असतंय. आतली हवा वंगाळ असती. आदी कंदील सोडा."

यजमानांनी कंदील दोरीला बांधून आत सोडला. चार हात खाली गेला आणि विझला. "वारा लागला," साहेब म्हणाले, काठावर बसले आणि पाय आत सोडले. तो भाग मला अजून लख्ख आठवतो. सासूबाईंनी शेणाच्या हातांनी त्यांची कॉलर धरली आणि पाण्याची घागर वर ओढावी तसं त्यांना मागे ओढलं. साहेब उताणे पडले. सगळे हसले, मीही हसले. "माजा थोरला भाऊ आसाच गेला," त्या म्हणाल्या. "कंदील इझला तरी उतारला हुता." मग कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कंदील सोडला. आता तो तळापर्यंत जळत गेला. खाली कुजलेलं काड होतं, बाकी काही नाही. साहेबांनी काठावर पालथं पडून घेर पाहिला, छडीने दिशा धरली, ती आमच्या घराकडे गेली. पेवाचं निम्मं पोट आमच्या स्वयंपाकघराखाली होतं. माझ्या नळाखाली.

"मुरूम भरून घेऊ," ते शेवटी म्हणाले. "आणि आजीबाई, म्हैस राहील. मी शब्द दिलाय."

माणूस शब्दाचा पक्का होता. मी हरले होते, आणि गंमत म्हणजे मला फारसं वाईट वाटत नव्हतं. काठावरून माणूस ओढून काढणारी बाई घरात असलेली बरी, असं मला तेव्हा पहिल्यांदाच वाटलं. संध्याकाळी मी आपणहून वैरण टाकायला गेले, तर सासूबाई म्हशीचं दावं सोडत होत्या. शेजारी त्यांचं बोचकं बांधून तयार.

"आत्याबाई, हे काय? पैज तर तुम्हीच जिंकलीत!"

"जिकली म्हनून काय झालं? खालनं पोकळ हाय. मुरूम टाकला तरी भुई बसाय लय पावसाळं जात्यात. आन् ह्ये एकच पेव न्हाई, ईस हाईत. आसल्या जागंवर मुकं जनावर बांदू ने, पोरी. भुई खचली तर ते पळणार कसं? गळ्यात दावं असतंय."

मला एकदम रडू आलं. जे व्हावं म्हणून मी चुगली केली होती तेच होत होतं, आणि मला ते नको होतं.

"आणि आम्ही?" मी विचारलं.

त्यांनी दावं हाताला गुंडाळलं आणि माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"तुमास्नी कुनी बांदलंय?"

मी वळून उघड्या दारातून आत पाहिलं. फरशी लखलखत होती, नळ ठिबकत होता. सासूबाई म्हैस घेऊन फाटकाबाहेर पडल्या. आम्ही त्या घरात एकतीस वर्षं राहिलो.