नागीण गेली, जाळ राहिला

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू पेटला की नवसाबाईच्या अंगात वारं भरायचं. दसऱ्याच्या तोडणीत ओळीच्या टोकाला आधी तीच पोचायची आणि मागच्या बायांना म्हणायची, "या सावकाश, फुलं काय पळून जात नाय." जुन्या लुगड्याची ओटी कमरेला घट्ट बांधलेली, दोन्ही हात मोकळे, पोटाशी फुलांचा ढीग.

यंदा ओटीच बांधता येत नव्हती. आषाढात डाव्या कमरेवर नागीण उठली. शेजारच्या गोजराबाईने गेरू लावला आणि नागिणीची दोन्ही तोंडं जुळू नयेत म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं. फोड सुकले, खपल्या पडल्या, जाळ मात्र आतच राहिला. साडीची कड लागली तरी कातडीखालून निखारा फिरायचा. वरून कातडी शहाण्यासारखी गप्प. न दिसणारं दुखणं दाखवायचं तरी कुणाला?

शेवटी सून सुवर्णा तिला गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी कापसाचा बोळा कमरेला नुसता टेकवला आणि नवसाबाई कळवळली. नागिणीने नस दुखावली होती. रोज रात्री जेवणानंतर एक छोटी गोळी घ्यायची. सुवर्णाने खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की हीच गोळी जास्त मात्रेत उदासीच्या आजाराला देतात, थोड्या मात्रेत ती नसेचा ठणका उतरवते.

बातमी गोजराबाईकडे पोचायला कितीसा वेळ? तिने बांधावरूनच विचारलं, "डोक्याची गोळी दिली म्हणं तुला?"

नवसाबाईला ते लागलं. दुखतंय कमरेत, मग आपल्याला काय येड लागलंय? पण दसरा जवळ येत होता. तिने मनाशी तोड काढली. गोळी घ्यायची, पण दुखण्याची म्हणून. पहाटे तोडणीला निघताना, ओटी बांधण्याआधी, आणि तीही ठणका असेल त्याच दिवशी. दुखण्याच्या गोळ्या तिने जन्मभर अशाच घेतल्या होत्या.

ओटी काही बांधली गेली नाही. उलट गोदाकाठच्या फुलबाजारात ती फुलांच्या ढिगावरच पेंगली. जागी झाली तेव्हा गालाला पाकळ्या चिकटलेल्या आणि समोर एक गिऱ्हाईक माळ हातात धरून अवघडून उभं. नवरा मोतीराम म्हणाला, "फुलं इकायला आणली होती, अंथरायला नाय."

गोळी खोटी, असं तिने जाहीर केलं. सुवर्णाने पाकीट पाहिलं, ते जवळजवळ भरलेलंच होतं. दोघी पुन्हा दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. ही गोळी लागलीच गुण देत नाही, म्हणाल्या. रोज न चुकता एकेक घेतली तर काही आठवड्यांनी नस शांत होते. झोप येते, म्हणून तर रात्री.

नवसाबाईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे ठिबक हाय. बादलीनं वतून उपेग नाय."

"अगदी तसंच."

"आन् येड?"

"उदासी असती तरी ते येड नसतं, आजी. तुमची तर नस दुखावलीये."

त्या रात्रीपासून भाकरी झाली की गोळी. तोंडाला कोरड पडायची, ती घोटघोट पाणी प्यायची. जाळ हटेना. मग एका दुपारी वाफ्यात वाकलेली असताना पदर कमरेवर घसरला आणि बराच वेळ तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती तशीच वाकून राहिली, जरा हललं तर हरवेल अशा भीतीने.

दसऱ्याच्या तोडणीला सुवर्णाने तिच्यासाठी बादली आणली. "आत्या, ओटी राहू द्या यंदा."

नवसाबाईने लुगडं उलगडलं, कमरेला वेढलं, गाठ मारली आणि जाळाची वाट पाहिली. तो आला. जरा डोकावला आणि धुमसत बसून राहिला. बसला तर बसू दे. तिचे हात कधीच झेंडूत शिरले होते. खुड, टाक, खुड, टाक. ओटी जड होत गेली, टोक जवळ येऊ लागलं.

मागून गोजराबाई धापा टाकत आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "नवसे, ती गोळी माझ्या गुडघ्याला चालंल का गं?"

"माझ्यातली मागू नको. डॉक्टरणीला इचार," नवसाबाई मागे न बघता म्हणाली. "आन् आधी ओळ धर."