शेवटच्या रांगेतल्या आजी

“नव्या वस्तीतले लोक गावात फक्त झोपायला येतात,” पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं. माझ्या शेजारच्या आजी विणता विणता खुदकन हसल्या. मी त्याच वस्तीतली, हे त्यांना माहीत होतं.

फ्रँकफर्टबाहेरच्या त्या वाढत्या गावात कौन्सिलची सभा दर महिन्याला भरे आणि या आजी शेवटच्या रांगेत पायमोजे विणत बसत. बोलणं पटलं, की बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करत. तिथली टाळी तीच. पटलं नाही, की सुया जोरात चालत.

त्या दिवशी बसचा मार्ग ठरायचा होता. आमच्या वस्तीत बस येत नव्हती. हिवाळ्यात ऑफिसातून परतताना स्टेशनपासून शेतांमधून अंधारात एकटीने चालावं लागे. बुर्गरमाइस्टरांनी, म्हणजे नगराध्यक्षांनी, विचारलं, “नागरिकांपैकी कुणाला काही बोलायचंय?” मी घरून वाक्यं पाठ करून आले होते, तरी खालीच पाहत राहिले. ते पुढच्या विषयाकडे वळणार, तेवढ्यात आजी कुजबुजल्या, “अगं, तुमची घरं माझ्या बटाट्याच्या शेतावर उभी आहेत. जमीन मी दिली, आता बसही मीच मागू का?”

राग धरायचा हक्क त्यांना होता, पण आवाजात होता तो माझ्या आत्यासारखा मायेचा वैताग. मला हसू आलं आणि त्या हसण्यातच मी उभी राहिले.

“मी नव्या वस्तीत राहते,” मी म्हणाले. “आमच्याकडे बस कधी येणार?”