डायलचं कुलूप

कुलूप लावलेल्या फोनवरूनही नंबर लावता येतो, हे मला एकोणिसाव्या वर्षापासून माहीत आहे. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

आमच्या सांगलीच्या घरात काळा, बोट घालून फिरवायचा फोन होता. उगाच कुणी फोन करू नयेत म्हणून आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, डायलच्या एका भोकात छोटं कुलूप अडकवलं होतं. किल्ली आक्काकडे. आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि आण्णांच्या मते घरातलं एकमेव भरवशाचं माणूस. माझा मित्र कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजला गेला. मी बारावीला गणितात आपटून घरी बसलो. कुलूप असताना फोन लावायची युक्ती त्यानंच शिकवली होती. रिसीव्हर उचलायचा आणि तो ठेवायच्या जागी जे बटण असतं, ते बोटानं एका लयीत दाबायचं. पाचाला पाच ठोके, शून्याला दहा. डायल फिरवल्यावर आतही तेच घडतं. दुपारी आण्णा दुकानात असले की मी त्याच्या वसतिगृहावर फोन लावायचो. बोलणं तरी काय, क्रिकेट आणि मेसच्या भाजीला शिव्या.

मग बिलासोबत बाहेरगावच्या नंबरांची यादी आली. त्यातला सारखा येणारा नंबर आण्णांनी फिरवून बघितला. पलीकडून सांगण्यात आलं, मुलांचं वसतिगृह.

किल्ली एकट्या आक्काकडे, त्यामुळे चौकशी लांबली नाही. काका आणि आत्या समोर बसले होते. आक्का एकदाच म्हणाली, "मी नाही केले." मी दाराशी उभा होतो. मला कुणी विचारलंच नाही, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तिचं कॉलेज बंद झालं. चार महिन्यांत तिला जतला दिली. आण्णांनी किल्ली तिच्याकडून काढून घेतली आणि माझ्या हातात ठेवली.

गेल्या वर्षी आण्णा गेले. घर आवरताना आक्काला विचारलं, तुला काय हवं. तिनं फक्त फोन मागितला. "चालू करून दे मला. त्या मोबाईलवर माझी बोटं उमटत न्हाईत." इतक्या वर्षांत तिची बोलीही जतची झालीय. बोटं राठ झालीत, हे खरं. पण भांडीकुंडी, कपाटं सोडून हीच वस्तू का, ते मला कळलं नाही.

मी साताऱ्याला असतो. इथं टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ घरीच जुने फोन दुरुस्त करतात. त्यांनी आत सिम कार्डाचा बोर्ड बसवला, घंटी तीच ठेवली. कुलूप कापू का म्हणाले. मी म्हटलं, किल्ली घरी आहे, मी काढतो. तेव्हा चालतोय का बघायला त्यांनी बटणावर ठोके देत माझा नंबर लावला, आणि माझा खिसा वाजला. मी दचकलेला बघून ते हसले. "बोर्ड नुसते ठोके मोजतोय साहेब. डायलनं पाडले का बोटानं, त्याला काय कळतंय?"

किल्ली खिशात घालून जतला गेलो. तिच्यासमोर कुलूप काढायचं आणि सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. एसटीत वाक्यं जुळवत होतो. आक्कानं फोन मांडीवर घेतला आणि कुलपावरून अंगठा फिरवला.

"कुलूप असताना लागतोय का रं ह्यो?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो, देव जाणे. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "असं व्हय," म्हणून ती चहा ठेवायला उठली. किल्ली सापडत नाही, शोधून आणतो, तोवर आलेले फोन तरी घेता येतील, असं काहीबाही मी तिच्या पाठीला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा मोबाईल वाजला. नंबर त्याच फोनचा. टँकर आला नाही, नातवाला ताप आहे, असं आक्का बोलत राहिली. मी मध्येच विचारलं, "कुलूप तोडलंस?"

"न्हाई. हाय तसंच."

मग तिनं मी जेवलो का ते विचारलं.

तेव्हापासून मला काही उमजेनासं झालंय. दोन दिवसांत तिनं ते एकटीनं शोधून काढलं? कुणी शेजाऱ्यानं लावून दिला? की चौकशीच्या दिवशीच तिला माहीत होतं, आणि तरी गप्प राहिली? मग मला विचारलं कशाला? तिला विचारायचं तर आधी मला सांगावं लागेल. ती रोज दुपारी फोन करते, आण्णा दुकानात असायचे त्याच वेळेला. हा योगायोग असू शकतो. जतला दुपारीच सवड मिळते. मी ज्वारीचं विचारतो, ती सांगते.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे. ती, आणि 'ते फोन मी केले होते' हे एक वाक्य, एवढं मी आक्काचं देणं लागतो. काका आणि आत्या अजून आहेत. ते वाक्य त्यांच्यासमोर म्हणायचं आहे.