फरशीवर उलगडलेलं बुश

ओव्हाळ मॅडम पहिल्या तासाला आल्या त्या खडूचा डबा घेऊन, आणि फळ्याकडे गेल्याच नाहीत. पदर खोचला, गुडघ्यांवर बसल्या आणि कॉलेजच्या वर्कशॉपच्या फरशीवर चौकोन आखायला लागल्या. दहा रांगा, रांगेत पाच. वर्गात आम्ही बरोबर पन्नास.

"बसा एकेका चौकोनात. वही, पेन्सिल आणि खोडरबर. खोडरबर विसरलेल्याने शेजाऱ्याचं घ्या, लागणार आहे."

निलेश आमच्या वर्गाचा टवाळ. तो म्हणाला, "मॅडम, बेअरिंग शिकायचंय की भोंडला खेळायचाय?"

"भोंडल्यात मधे हत्ती असतो," मॅडम खडू झटकत म्हणाल्या. "तू मधे बस."

त्या जे शिकवत होत्या ते असं. फिरत्या लोखंडी दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती, पितळी नळी बसवलेली असते, तिला कारखान्यात बुश म्हणतात. दोघांमध्ये केसाएवढी फट आणि फटीत तेल. शाफ्ट फिरताना तेलाला अरुंद जागेत ओढत नेतो, तिथं तेल दाबलं जातं आणि तो दाब अख्खा शाफ्ट उचलून धरतो. कुठं किती दाब, हे काढायचं समीकरण पुस्तकात एका ओळीचं आहे आणि ते बघूनच पोरं गार होतात. मॅडमनी ते बुश मनातल्या मनात उभं कापलं, पोळीसारखं सपाट केलं आणि फरशीवर अंथरलं. प्रत्येक चौकोन म्हणजे बुशावरची एक जागा. प्रत्येकाला एक चिठ्ठी, त्यावर त्या जागची फट आणि गुणायचे आकडे. चारी शेजाऱ्यांचे दाब बघायचे, गुणायचे, बेरीज करायची, आपला दाब लिहायचा. मग शेजाऱ्याचा बदलला की आपला खोडायचा. पुन्हा. आणि पुन्हा.

"शेजारी काय म्हणतोय ते आधी बघ, मग तुझा आकडा लिही," हे मॅडमचं पालुपद. दोन्ही कडांच्या पोरांना कायम शून्य, कारण तिथून तेल बाहेर पडतं. ती कुरकुरायला लागली तर म्हणायच्या, "कडेच्याचा आकडा शून्य असतो बाळा, पण त्याला उठवलं की सगळं गणित वाहून जातं."

हेच काम संगणक डोळ्यांची पापणी लवायच्या आत करतो. मॅडमना ते येत होतं, त्यांचा स्वतःचा प्रोग्राम होता. पण तो त्या महिनाभर उघडायच्या नाहीत. "संगणक उत्तर देतो. उत्तर पटायला मात्र गुडघे दुखावे लागतात."

स्वतःबद्दल त्या कमी बोलायच्या. एकदाच सांगितलं, की वडील लोणावळ्याला रेल्वेत होते. घाट चढून गाडी आली की डब्यांच्या चाकांच्या आसांवरच्या पेट्यांना हात लावून कुठली तापली ते बघायचे. "आमच्या बाबांना हात लावल्यावर कळायचं. मला हात लावायच्या आधी कळायला पाहिजे, म्हणून शिकले." कामशेतच्या त्यांच्या वस्तीतल्या त्या पहिल्या इंजिनियर. मी बेडशाच्या वरच्या वाडीतली, आमच्या घरातली पहिली दहावी पास. त्यांनी माझ्याकडे कधी दयेनं पाहिलं नाही. माझं खोडरबर त्या हक्कानं न्यायच्या, एवढंच.

मी शेवटच्या वर्षाला असताना दिवाळीनंतर आमच्या घरावर संकट आलं. आई कामशेतला दत्तूआबांच्या भातगिरणीत कामाला. चाळण लावायची, पोती शिवायची. घरात पक्की मजुरी ती एवढीच, आणि माझं कॉलेज त्याच्यावर. गिरणीच्या मुख्य शाफ्टचं बुश जळलं. नवं बसवलं, आठ दिवसांत तेही जळलं. आबा सगळ्या बायांसमोर म्हणाले, "तिसरं बशिवतो. ह्ये बी गेलं तर भात सडायचं हलर भंगारात अन् गिरनीला कुलूप. माजं वय झालं आता."

आई घरी येऊन म्हणाली, "गिरनी बंद पडली तर तुजं कालेज बी बंद, पोरी. आत्ताच सांगून ठिवते."

मी दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. रडले नाही, सरळ सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "शाफ्टचा व्यास मोजलास का?"

शनिवारी आम्ही दोघी गिरणीत. आबांनी मॅडमना खुर्ची दिली आणि बुशावरची तेलाची वाटी दाखवली. "तेलाची कमी न्हाई, बाई. बघा, वाटी कायम काटोकाट. पितळच खोटं निगतंय." मॅडमनी शाफ्टचं वजन काढलं, वेग काढला, फट मोजली. सोमवारी आमचा वर्ग फरशीवर. शाफ्ट आपल्या वजनानं खाली बसणार, म्हणून खालच्या बाजूच्या रांगांत फट कमी, वरच्यांत जास्त. दोन तासांनी आकडे हलायचे थांबले. खालच्या रांगांत दाब, वरच्यांत शून्य. मी वरच्या बाजूला, नेमकी वाटीखालच्या तेलाच्या भोकाच्या चौकोनात होते. शून्यवाल्यांना डबा खायची परवानगी असायची. मी निवांत भाकरी खाल्ली. भोक मोकळ्या जागी, तेल आत जातंय, दाब सोसण्याजोगा. सगळं ठीक. मॅडमनी आबांना कळवलं, बुश बसवा.

ते चौथ्या दिवशी धुरावलं. तेवढ्यात आईनंच शाफ्ट फिरवणारा पट्टा पाडला म्हणून पुरतं जळायचं वाचलं.

आम्ही पुन्हा गेलो. आबा खुर्ची देईनात. "कालेजात काय शिकिवता वो तुमी?" मॅडम बुशापाशी वाकल्या. मला जमीन दुभंगावी असं झालं. आई कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "त्यो शाफ्ट खाली बसतोय म्हनतेस व्हय गं? मी रोज खालून कोंडा काडते. चालू झाला की फट खालीच दिसती. त्यो वरच चिकटतोय."

मॅडम गर्रकन वळल्या. "मावशी, परत सांगा."

"पावसाळ्यात नदीचं पानी आत आलंतं न्हवं, तवा आबांनी मोटर उचलून माळ्यावर ठिवली. तवापासनं पट्टा वर वडतोय. आधी बाजूनं वडायचा."

मॅडमनी मान वर केली. माळ्यावर मोटर, आणि तिथून खाली शाफ्टाकडे आलेला ताठ पट्टा. दोन वेळा आम्ही त्याच्याखालून वाकून गेलो होतो. दोघींनाही दिसला नव्हता. शाफ्टच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ वरच्या दिशेनं, आणि आम्ही तो खाली बसवून गणित मांडलं होतं.

दुसरा कुणी शिक्षक असता तर झाकपाक केली असती. मॅडमनी सोमवारी वर्गात आल्याआल्या सांगितलं, "मी चुकले. गिरणीत पोती शिवणाऱ्या मावशींनी चूक काढली. आणि एक लिहून घ्या. आकडा हलायचा थांबला म्हणजे खरा झाला असं नाही. तो फक्त थांबला." मग टाळी वाजवली. "सगळ्यांनी चिठ्ठ्या पाच रांगा पुढे सरकवा, म्हणजे वरची फट खाली आणि खालची वर!"

आणि वर्गात जी धमाल उडाली! मागच्या वेळी डबे खाणारे आज दाबाखाली आले. निलेशचा आकडा इतका चढला की तो ओरडला, "मॅडम, मला चेंगरतंय!" माझ्या चारी बाजूंना आकडे वाढत गेले. माझ्याच वहीत शून्य, कारण माझ्यावर भोक आणि भोकावर उघडी वाटी.

मॅडम माझ्यासमोर बसल्या. "शेजारी काय म्हणतायत?"

"सगळे जोरात आहेत, मॅडम."

"आणि तू शून्य. मग तेल कुठून कुठे जाईल?"

मी वहीकडे बघितलं आणि एकदम उभीच राहिले. "आतून बाहेर! मॅडम, वाटीतलं तेल आत जातच नाही. म्हणून ती कायम भरलेली!"

पोरांनी फरशीवर हात बडवले. मॅडमनी त्या संध्याकाळी प्रोग्राम उघडला, बारीक हजारो चौकोन करून तेच मांडलं. उत्तर तेच, आकडे जास्त नेमके.

दुरुस्ती ऐकून आबा हसले. नवी मशिनरी नाही, वेगळं तेल नाही. बुश तासून घ्यायचं, वरचं भोक बंद, नवं भोक खाली जिथं दाब नाही तिथं, आणि भिंतीवर टांगलेल्या डब्यातून तांब्याची नळी खालून आत. "खालनं तेल? गंगा उलटी न्यायला निगाली ही बाई." पण आईनं सांगितलं, "लावून तर बगा आबा, न्हाईतर कुलूपच लावायचंय नव्हं?"

लावलं. पट्टा चढवला. पहिला दिवस, दुसरा, चौथा. आठव्या दिवशी आबांनी बुशावर तळहात ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले. "गार हाय," म्हणाले. "डब्यातलं तेल बी कमी हुतंय." तेल कमी झालं म्हणून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेजारच्या बाईनं आईला विचारलं, तुझी पोर शिकती तरी काय? आई म्हणाली, "तेल कुटनं वाट काडतं त्ये शिकती." मॅडमनी दुसऱ्या दिवशी ते वाक्य फळ्यावर धड्याचं नाव म्हणून लिहिलं.

गिरणी पूर्ण हंगाम चालली. आईचं काम राहिलं, माझं कॉलेज पूर्ण झालं. आज मी आंबीच्या एका कारखान्यात बेअरिंगांची हीच गणितं करते. लाखभर चौकोन मांडते, आणि प्रत्येक वेळी आधी उठून बघून येते, की पट्टा कुठल्या बाजूला ओढतोय.

माझं शेवटचं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात मॅडम संशोधनासाठी दुसऱ्या राज्यात निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी गिरणीत आल्या. हंगाम संपला होता, आबांनी बुश उघडून पोत्यावर ठेवलं होतं. मॅडमनी ते पुसलं आणि आतून नख फिरवलं. वरच्या अंगाला तळहाताएवढी जागा चकाकत होती, रोज चालू-बंद होताना घासलेली. बाकी सगळीकडे लेथवरच्या बारीक रेघा जशाच्या तशा.

"ह्या रेगा कसल्या?" आईनं विचारलं.

"तासताना पडलेल्या, मावशी. पितळ शाफ्टाला घासलं असतं तर उरल्या नसत्या."

"मंजी हंगामभर मदी तेलच व्हतं?"

"व्हय," मॅडम म्हणाल्या. आमच्या बोलीत. आणि खळखळून हसल्या.

आबा बुश उचलून मॅडमपुढे धरून उभे राहिले. "बाई, फुडच्या हंगामाला ह्येच बशिवू का नवं करू?"

मॅडमनी हात मागे घेतले. "मला काय विचारता? इंजिनियर ही आहे."

आबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. आईनं केरसुणी भिंतीला टेकवली. मी मोजमाप काढलं, बुशाचा आतला व्यास चार ठिकाणी घेतला, वहीत लिहिला, पुन्हा घेतला. कुणी घाई केली नाही.

"बसवा आबा," मी म्हणाले. "हेच चालेल."