कुंकवाची फ्लॉपी आणि तारमास्तर

कॉम्प्युटरला मी कुंकू लावलं, इथवर कुणाची हरकत नसावी. दसऱ्याला आमच्या मलकापुरात वजनकाट्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांनाच कुंकू लागतं. दवाखान्यातल्या कात्र्यांनाही लागलं होतं. माझा गाढवपणा त्याच्या पुढचा. पडद्याला झालं, कळफलकाला झालं, मग मी फ्लॉपी हातात घेतली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. घडी घातलेल्या रुमालाएवढं काळं चौकोनी पाकीट, आत पापडासारखी पातळ तबकडी आणि पाकिटाला एक लांबट खिडकी. त्या खिडकीतून तबकडी चमकायची. मला ते कपाळच वाटलं. मी बरोब्बर तिथंच बोट टेकवलं. आधी हळद, मग कुंकू. नमस्कारही केला. अकोल्याला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली आणि कॉम्प्युटरचं आपल्याएवढं तालुक्यात कुणाला कळत नाही असं मानणारी ती पंचविशीची विदुषी म्हणजे मी. आज नात मला मोबाइल शिकवताना उसासे टाकते तेव्हा मी गप्प बसते. तिला अजून पूर्ण माहिती नाही.

त्या फ्लॉपीवर रक्त देणाऱ्यांची यादी होती. आमच्या दवाखान्याच्या आसपास तेव्हा रक्तपेढी नव्हती. डॉक्टरबाईंनी गावोगाव शिबिरं घेतली, लोकांचे रक्तगट तपासले आणि वेळ पडली तर कुणाला बोलवायचं त्याच्या चिठ्ठ्या केल्या. तीन महिने खपून मी त्या कॉम्प्युटरवर चढवल्या. आमच्या त्या यंत्राच्या पोटात काहीच राहत नसे. एका खाचेत ते चालू करायची फ्लॉपी, दुसऱ्या खाचेत आपल्या कामाची. सगळं काही त्या पापडावर. काम संपलं त्या दिवशी मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आयाबाईंना दिला आणि म्हणाले, "मावशी, आता कागदाचं काम उरलं नाही. बंबात घाला." त्यांनी घातल्या. त्या दिवशी पाणी छान तापलं होतं.

"एक नक्कल काढून ठेव," असं मला सांगणारा एकच माणूस होता. ते म्हणजे तारमास्तर. रेल्वेत तारबाबू म्हणून उभी हयात नोकरी करून निवृत्त झालेले. किडकिडीत अंग, कानावर पेन्सिल, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दवाखान्यात यायचे, ते कॉम्प्युटर आल्यापासून गोळ्या विसरून माझ्या खोलीत बसू लागले. यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी जाडजूड पुस्तक मी उशाला घेण्यापलीकडे वापरलं नव्हतं. ते त्यांनी भिंग लावून पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचलं. आणि वाचून झाल्यावर मला म्हणाले, "हे तं तारच आहे पोरी. थोडक्यात विचाराचं, थोडक्यात जवाब येते. बाकी काय हाय याच्यात?"

त्या काळात पडद्यावर चित्रं नसत. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि आपण जे टंकू तेवढंच यंत्राला समजे. मास्तर कधी थेट बोट लावत नसत. आधी जुन्या तारेच्या फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीनं आज्ञा लिहायची, ती एकदा वाचायची, मगच एका बोटानं टंकायची. यंत्र अडलं की मी दहा कळा दडपायची. ते माझा हात बाजूला करून विचारायचे, "काय म्हनते ते?" मी म्हणायची, "बिघडलं." ते म्हणायचे, "बिघडलं हे तू म्हनते. ते काय म्हनते ते वाच. यंत्र खोटं बोलत नाई, फक्त कमी बोलते." मला याचा मनस्वी राग यायचा. कोर्स मी केलेला, प्रमाणपत्र माझ्याकडे, आणि शिकवायला हा तारेचा म्हातारा!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक बाळंतीण बैलगाडीतून आली. पोरगी घरीच झाली होती, पण रक्त थांबत नव्हतं. बरोबर सासू होती, तिच्या लुगड्याचा पदर कोपरापर्यंत भिजलेला. डॉक्टरबाई गट तपासून माझ्या दारात आल्या. त्या पुण्याच्या. कधी आवाज चढवत नसत. "बी निगेटिव्ह आहे. घरच्या कुणाचं जुळत नाही, आणि चालेल असा ओ निगेटिव्ह शिबिरांत एकही सापडला नव्हता. आपल्या यादीत आहेत ना?"

"आहेत ना बाई! दोन मिनिटांत देते."

मी फ्लॉपी खाचेत सरकवली. आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला. खर्र, खर्र, मग गप्प. पडद्यावर ओळ उमटली की दुसऱ्या खाचेतली माहिती वाचता येत नाही, आणि खाली तीन शब्द: अबॉर्ट, रिट्राय, फेल. शेजारच्या खोलीत बाळंतीण कण्हत होती आणि त्यातल्या पहिल्या शब्दानं माझ्या अंगावर काटा आला. मी तिन्ही दाबून पाहिले. पुन्हा तेच. फ्लॉपी काढून पुसली, म्हणजे कुंकू आणखी पसरवलं. पुन्हा तेच.

"काय झालं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मशीन गरम व्हायला वेळ लागतोय," मी म्हणाले. इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी फक्त सासूबाईंशी बोलले होते.

त्या म्हणाल्या, "माझ्याकडे तास-दीड तास आहे. फार तर." आणि वळून गेल्या.

मी मावशींना स्टेशनामागच्या वस्तीत मास्तरांच्या घरी पिटाळलं. मास्तर आले ते चप्पल उलटसुलट घालून. मी रडतच सुरुवात केली, "मास्तर, यादी गेली!"

"काय म्हनते ते?"

"अहो यादी गेली म्हणते!"

"वाच."

मी वाचलं. त्यांनी ऐकलं. "वाचता येत नाई म्हनते. गेली असं म्हनत नाई. फरक हाय. खुर्ची सोड."

त्यांनी फ्लॉपी काढून खिडकीकडे धरली. तबकडीवर लाल-पिवळा पट्टा गोल फिरलेला होता. त्यांनी फ्लॉपीकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग पुन्हा फ्लॉपीकडे. 

"कापूस, स्पिरिट, इंजेक्शनचं पानी, बारीक कातर, अन् एक कोरी फ्लॉपी. पटकन."

यंत्राचं झाकण त्यांनी उघडलं. खाचेच्या आत तबकडी वाचणारा टिकलीएवढा तुकडा असतो. तो त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. बोळा गुलाबी झाला. दुसरा, तिसरा. चौथा पांढरा निघाला. मग ऑपरेशनच्या कातरीनं त्यांनी माझ्या फ्लॉपीच्या पाकिटाची एक कड कापली. तीन महिन्यांचं काम असं कापलेलं बघून मी डोळे मिटले. तबकडी बाहेर आली, लिबलिबीत. इंजेक्शनच्या पाण्याच्या कुप्या फोडून त्यांनी ती थेंबाथेंबानं धुतली. "आता हे कडेनं धर. मंदी बोट लावू नको. पुसू नको. पंख्याखाली उभी राह्य."

मी हात वर करून पंख्याखाली उभी राहिले. त्या पाच-सात मिनिटांइतका मोठा वेळ मी पुढे आयुष्यात पाहिला नाही, आणि मी चार बाळंतपणं काढली आहेत. तेवढ्यात दारात सासू येऊन उभी राहिली. माझ्या हातातल्या तबकडीकडे पाहत तिनं विचारलं, "बाई, माह्या सुनेचं रगत याच्यात हाय काय?"

मास्तर म्हणाले, "रगत नाई माय. रगत देनाऱ्याचं नाव हाय. काढून राह्यलो. तू तिच्याजवळ बैस."

कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट रिकामं करून त्यात आमची तबकडी घातली आणि ती खाचेत गेली. मास्तरांनी डीर ही आज्ञा लिहिली, वाचली, टंकली. फायलींची नावं एकाखाली एक उतरली आणि मी ओरडलेच. "थांब," ते म्हणाले, "हे नुसतं दारावरच्या पाट्या दिसल्या. घरात कोन हाय ते पाहू दे." मग टाइप ही आज्ञा. यादी भराभर वर सरकू लागली, आणि मधेच थांबली. खर्र. अबॉर्ट, रिट्राय, फेल. "रिट्रायचा आर दाब," ते म्हणाले. दाबला. "अजून." दाबला. पाचव्या वेळी पुढं सरकली. थोड्या ओळी गेल्या, पुन्हा अडली, आणि आता वीस वेळा दाबूनही हलेना.

शेजारून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "मावशी, पाय वर घ्या तिचे. अजून वर." कण्हण्याचा आवाज बंद झाला होता.

"आता रिकव्हर," मास्तर म्हणाले. "खराब तुकडा सोडून बाकी जमा करते." आणि कानावरची पेन्सिल काढून फॉर्म शोधू लागले. लिहायचं, वाचायचं, मग टंकायचं! तिकडे बाई पांढरी पडतेय आणि हे पेन्सिल शोधतायत! मला ती आज्ञा येत होती. मी पुढं झाले, रिकव्हर टंकलं, खाचेचं अक्षर टंकलं आणि बोट एन्टरवर नेलं.

"हात काढ!"

मास्तर ओरडले. माझं मनगट त्यांनी असं धरलं की बांगडी फुटली. "फायलीचं नाव कुठाय? नाव न देता दाबलं तं सगळ्याच फायली मोडून टाकते ते. पाट्या पुसून जातीन. पान सतरा का अठरा... वाचलं होतं का तू पुस्तक?"

नव्हतं वाचलं. मी खाली बसले, अक्षरशः जमिनीवर. त्यांनी पेन्सिलीनं आज्ञा लिहिली, फाइलीच्या पूर्ण नावासकट. वाचली. एका बोटानं टंकली.

यंत्र बराच वेळ चघळत राहिलं. मग म्हणालं की एवढ्यापैकी एवढं मिळालं. थोडंसंच गेलं होतं. मास्तरांनी फाइंड टंकून बी निगेटिव्ह शोधायला लावलं. चार ओळी आल्या. तीन ओळींत बीच्या आधी ए होता, म्हणजे भलताच गट. एकच ओळ कामाची. आणि तिच्यात मोताळ्याच्या एका लक्ष्मणचं नाव, अर्धवट आडनाव, आणि पुढं नांदुरा, स्टेशनजवळ पानठेला.

"मोताळ्याचा नांदुऱ्याला कसा गेला?" मी म्हणाले.

मास्तर ओळीवर पेन्सिल फिरवत राहिले. "मधला तुकडा गळला. दोन मानसं जुळून गेले. पुढचं नाव एकाचं, मागचा पत्ता दुसऱ्याचा. अन् गट पत्त्याले चिकटून हाय. नाव सोड. पानठेला धर."

नांदुऱ्याला फोन लागायला दवाखान्यातून दुपार झाली असती. मास्तर उठले आणि स्टेशनकडे पळाले. सत्तरीच्या माणसाला मी पळताना पहिल्यांदा पाहिलं. एक हात चष्म्यावर, एक हात धोतराला. तिथं त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण कामावर होता. त्यानं एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर निरोप दिला. अर्ध्या तासानं मास्तर धापा टाकत परतले. "भेटला. ट्रकवर बसून निघाला."

दीड तास होऊन गेला होता. डॉक्टरबाई एकदा दारात डोकावून गेल्या. मास्तर बाकावर बसून होते. मी उभी होते. ट्रक थांबला आणि काथानं लाल झालेल्या बोटांचा एक मध्यमवयीन माणूस उडी मारून उतरला. आत शिरता शिरताच शर्टाची बाही वर करत म्हणाला, "शिबिरात तुमी केळं देल्लं होतं बाई. यावेळेस चाय बी पाजा."

त्याचं रक्त जुळलं. एक बाटली आणि डॉक्टरबाईंचे हात, एवढ्यावर ती तरली. संध्याकाळी तिनं पाणी मागितलं तेव्हा सासूनं मास्तरांचे पाय धरले, आणि मास्तर असे दचकून मागे सरले की बाक उलटला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "नेमकं काय झालं होतं?" मास्तर पटकन म्हणाले, "आत मळ साचला होता. होते कधी कधी." मी रात्रभर तळमळले आणि सकाळी जाऊन कुंकवाचं, चिठ्ठ्यांचं, गरम व्हायच्या थापेचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गावोगाव फिरून सगळ्या चिठ्ठ्या तुम्ही पुन्हा करायच्या. पायी जायची वेळ आली तरी." मी केल्या. मास्तर दोनदा बरोबर आले, आणि वाटेत मला त्या जाडजूड पुस्तकातले प्रश्न विचारत राहिले.

पुढल्या वर्षी ते मुलीकडे नागपूरला राहायला निघाले. मी स्टेशनावर पोचवायला गेले. पुस्तक मी तोवर दोनदा वाचलं होतं, ते सांगून झालं. यादीच्या तीन नकला आहेत, तेही सांगितलं. गाडीला वेळ होता. वर्षभर मनात ठेवलेलं मी शेवटी विचारलं, "मास्तर, त्या दिवशी ती बाई गेली असती तर?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. मग म्हणाले:

"तं मी तुले सांगितलं असतं, का फ्लॉपी पह्यलेच खराब होती. अन् तुनं ते मानलं नसतं, हे बी मले माईत हाय."