व्याज नको म्हणणारा माणूस

इतकी वर्षं लोटली, पण ती केस माझ्या डोक्यातून गेलेली नाही. साल २००७. अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोजवळच्या एका गावाच्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होतो.

खबर फोनवर आली. फोन करणाऱ्या बाईंनी माझं आडनाव ऐकलं आणि इंग्रजी सोडून सरळ मराठीत आल्या. "भाऊ, नवरा दिवसभर क्रिकेटवर ऑनलाइन सट्टा खेळतो. समजावून थकले हो!" नवऱ्याला बोलावून विचारलं. वेबसाइट परदेशातली, पण पैसे भरायचे ते आमच्याच गावातल्या एका बँक खात्यात. खातं निघालं नागपूरच्या एका तरुण इंजिनिअरचं.

त्याला ताब्यात घेतलं, गप्प राहण्याचे आणि वकील मागण्याचे हक्क वाचून दाखवले, चौकशी सुरू केली. पोरगा सरळ दिसत होता. पाकिटात बाबासाहेबांचा फोटो. "अकाउंट माझं आहे, सर. बाकी मी काही बोलणार नाही." दोषी ठरला तर तुरुंग आणि मग देशाबाहेर रवानगी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी गप्प! गुन्हेगार थापा मारतो, दुसऱ्यावर ढकलतो. हा काहीच करेना. म्हटलं, पाणी दुसरीकडेच मुरतंय.

बँकेत गेलो. खातं उघडून देणाऱ्या बाईंना प्रसंग चांगला आठवत होता. "दोघं रूममेट आले होते, घरभाड्यासाठी खातं हवं म्हणून. नाव एकाचं, पण दुसरा सारखा म्हणे, व्याज अजिबात नको. इथे तर लोक जास्त व्याजासाठी भांडतात!"

व्याज घेणं ज्याला पाप वाटतं, तो सट्ट्याचे पैसे फिरवेल? मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अपार्टमेंटवर गेलो. रूममेट औरंगाबादचा, नमाजी. वडील भेटीला आलेले. त्यांनी आयुष्यभर इस्लामी कायदा शिकवलेला. नागपूरचा तो इंजिनिअर कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेलाय, असं मुलानं त्यांना सांगितलं होतं. काकांनी स्वतः चहा केला.

मी विचारलं, "काका, तुमच्या कायद्यात जुगाराला शिक्षा काय?"

काका खुलले. "चोरीला ठरलेली शिक्षा आहे, तिला हद म्हणतात. जुगाराला तशी ठरलेली नाही. माणूस बघून, नुकसान बघून काझी ठरवतो. ती ताझीर. कुणाला समज देईल, कुणाला कैद."

"आणि जो स्वतः खेळत नाही, नुसते खेळणाऱ्यांचे पैसे पोचवतो?"

"अरे, तो जास्त वाईट! खेळणारा आपलं घर बुडवतो, हा मोहल्ला बुडवतो."

मुलानं कप खाली ठेवला. मी मुद्दामच विचारत होतो, पण खरं सांगायचं तर मला उत्सुकताही तेवढीच होती.

"तो पस्तावला, गुपचूप तोबा केली तर?"

"गुन्हा फक्त अल्लाहचा असेल, दुसऱ्या कुणाचं नुकसान नसेल, तर झाकावा, तोबा करावी. दुसऱ्याच्या घरात डोकावून पाप शोधायचं नाही, पोलिसांनीपण नाही हां!" काका हसले. "पण त्याच्यामुळे दुसरा अडकला असेल, तर नुसत्या तोबानं भागत नाही. आधी त्या माणसाला सोडवायचं."

"अब्बा, मी एकदाही खेळलो नाही," मुलगा एकदम म्हणाला. "खुदा की कसम, फक्त पेमेंटचं काम..."

मी त्याला थांबवलं. हक्क आधी ऐक, म्हटलं. काका त्याच्याकडे वळले. मग एवढंच म्हणाले, "मला नको सांगू. ज्याला अडकवलंस, त्याला सोडव. जा."

भाड्याच्या खात्यातून सट्ट्याचे पैसे आपणच फिरवले, असा पूर्ण जबाब त्यानं वकिलासमोर दिला, वेबसाइटवाल्यांची नावंही दिली. शिक्षा झाली, नंतर मायदेशी रवानगी. गंमत बघा, त्याच सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानंही खेळणाऱ्याला बाजूला ठेवून पैसे पोचवणाऱ्यांच्या वाटा अडवल्या होत्या. दोन कायदे, दोन टोकांचे, आणि निघाले एकाच वाटेनं! मी त्यावर आजही विचार करतो.

नागपूरकराला सोडलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, "काकांना कळलं?"

"त्यांनीच पाठवलं त्याला," मी म्हणालो.

तो बाकावर बसला. "त्यांच्यासाठीच गप्प होतो हो, सर. पोराचा केवढा अभिमान त्यांना!" आणि ढसाढसा रडला.

त्या केसआधी गप्प बसलेला आरोपी समोर आला की, हा काय लपवतोय, एवढंच मी विचारत असे. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी आधी हे शोधलं, की हा कुणासाठी गप्प आहे.