घोंगडीचं ऑनलाइन दुकान आन् पैशाची कंपनी

माझी शाळा चौथीत सुटली. मास्तरनं काढलं नाय, मीच मास्तरला मोकळं केलं. तरीबी आमच्या ऑनलाइन दुकानाला गिऱ्हाइकाचे पैसे घेणारी कंपनी कोणती लावायची, हे घरात मीच ठरवलं.

दुकान घोंगड्यांचं. सासरे पैठणकडं गावात मागावर विणतेत. शहरात, गारखेड्यातल्या आमच्या खोलीत सहा पडून होत्या. सासरे म्हनलेले, "ह्या गेल्या तर पुढची लावतो, नायतर माग मोडून ठेवतो." बायकोनं मोबाईलवर दुकान मांडलं. फोटोत घोंगडी पांघरून मीच बसलोय. लोक घोंगडीचा भाव विचारायचे, माझा कुणीच नाय.

पुण्याच्या एका बाईला सहाच्या सहा पाहिजे होत्या, पण पैसे कार्डावर द्यायचे होते. "शनिवारपर्यंत सोय करा, नायतर दुसरीकडं बघते."

मी तीन कंपन्यांना फोन लावला. एकीची गिऱ्हाइकाच्या पैशातली कपात कमी, पण मशीनच बोलायची. एक दाबा, दोन दाबा. मी नऊपर्यंत दाबलं. दुसरीला वर्षाचे पैसे आधीच पाहिजे. तिसरीत जिती पोरगी बोलली, "शंभराला दोन रुपये, सर." माझा बाप बाजारात मेंढरू नंतर बघायचा, आधी मालक बघायचा. उद्या मेंढरू लंगडलं तर धरायला माणूस पाहिजे. म्हनलं, हीच कंपनी.

फकस्त भाव करायचा होता. "एक रुपया घ्या."

"रेट ठरलेला आहे, सर."

"मग राहू द्या," म्हनलं आन् फोन ठेवला. बाजारात असं दहा पावलं गेलं की मागून हाक येतीच. दोन दिवस मी फोन हातात धरून फिरलो, जेवतानाबी ताटाशेजारी ठेवला. हाक काय आली नाय.

बायको म्हनली, "अहो, कंपनीला तुमची पाठ दिसती का?"

गुरुवारी मीच फोन केला. पोरगीनं आवाज ओळखला, हसली. दोन रुपयालाच जमलं.

पण कंपनीला दुकानावर माल परत घ्यायचे नियम लिवलेले पाहिजे होते. मी कुठल्या तरी दुकानाचे इंग्रजी नियम उचलून चिकटवले. दिसायला लई भारी होते. शुक्रवारी पोरगीचा फोन आला. "सर, तुम्ही घोंगड्याच विकता ना? इथं लिहिलंय, कापलेला केक परत घेणार नाही."

बायकोनं कपाळाला हात लावला. "बाजारात कुणी घोंगडी परत आणली तर माझे बाबा काय करतेत?"

"आठ दिवस अंगावर घ्या म्हनतेत. टोचली तर पुढच्या बाजाराला आणून द्या, पैसे घेऊन जा."

"मग हेच लिवा की!"

लिवलं तिनंच, मी नुसतं बोललो. शनिवारी दुपारी मंजुरी आली. पुण्याच्या बाईनं नियम वाचून विचारलं, "खरंच आठ दिवस?"

"नऊबी चालत्याल."

तिनं पैसे भरले. मी लगेच सासऱ्यांना फोन लावला, "मामा, सहाच्या सहा गेल्या. पण आठ दिवसांत परत आल्या तर?"

"आजवर माझी एक नाय आली," सासरे म्हनले. "ठेवा फोन, जावईबापू. मला पुढची लावायचीय."